आई फारशी जागा घेत नाही

१२ मार्च, जंजू

तेइक,

तू जिवंत आहेस हे मला काल दुपारी कळलं. त्याआधी साधारण अर्धा तास तू मेलेला होतास.

इतक्या वर्षांनी पत्र लिहायचं आणि सुरुवात अशी करायची, हे बरं दिसत नाही. पण दुसरी सुरुवात सुचत नाहीये. तुझे दाजी दोनदा चहा ठेवून गेले आणि दोन्ही वेळा तो माझ्यासमोर गार झाला. आपलं बोलणं बंद झालं ते आईच्या मयतापासून. तू तेव्हा बोटीवर होतास. तू फुलांचं चक्र पाठवलंस आणि मी ते दाराबाहेर ठेवायला लावलं. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे हे पत्र कशासाठी आहे याबद्दल तुझा गैरसमज होणार नाही.

मी हल्ली काय करते ते तुला ठाऊक नसणार. मी तालुक्यातालुक्याच्या कचेऱ्यांतल्या माणसांना शिकवते. गेल्या जुलैत कायदा बदलला. मूल दत्तक द्यायचं काम खासगी संस्थांकडून काढून सरकारनं स्वतःच्या अंगावर घेतलं. आणि सरकार म्हणजे शेवटी कोण? कचेरीतला एखादा पोरगा, जो कालपर्यंत रस्त्यातले खड्डे बुजवत होता, आणि ज्याला अचानक सांगण्यात आलं की उद्यापासून आईबापांनी टाकलेली मुलं तुझ्याकडे. असे तीसेक जण माझ्यासमोर येऊन बसतात. त्यांना मी सांगते, मूल कुणाला द्यायचं याचा विचार सगळ्यात शेवटी. आधी आईला विचारा, तिला काय मिळालं तर ती मूल स्वतःकडे ठेवू शकेल. ते जमलंच नाही तर नातेवाईक शोधा. नातेवाईक पहिल्यांदा नाहीच म्हणतात. तिथून तुमचं काम सुरू होतं.

हे शिकवायला मी वर्गात एक सोंग आणते. मी होते मुलाची मावशी नाहीतर आत्या आणि त्यांनी मला फोन करायचा. मी असली खट नातेवाईक होते की दोन-चार जणांना घाम फुटतो. तुझे दाजी म्हणतात, यात नाटक कुठं आहे?

काल दुपारी फोन आला. "मॅडम, मी प्यो. बदकांचा प्यो."

प्यो म्हणजे किनाऱ्याकडच्या एका तालुक्याच्या कचेरीतला मुलगा. माझ्याकडे येण्याआधी तो जनावरांच्या खात्यात होता. बर्ड फ्लू आला की बदकं मारायचं काम त्याच्याकडे असे. वर्गात तो सगळ्यांत मागे बसायचा आणि आईच्या भूमिकेत कुणी रडायला लागलं की हाही रडायचा.

"मॅडम, आधी तुमच्या भावाचं ऐकून फार वाईट वाटलं."

"कुठल्या भावाचं?"

"तेइक साहेबांचं. ते समुद्रात गेले ना? त्यांची मुलगी म्हणाली."

पुढं तो काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. मी फोन ठेवला. ठेवला की हातातून पडला, आठवत नाही. मग बुसानला तुझ्या कंपनीत फोन लावला आणि तिथल्या मुलीला विचारलं, माझा भाऊ कधी गेला? ती म्हणाली, "कुठं गेला? सकाळीच बोलणं झालं त्यांच्याशी. मासळी बरी लागलीय म्हणाले. काही निरोप द्यायचाय का?"

मी म्हटलं, नको.

मग प्योला परत फोन केला. तेव्हा कळलं. तुझी लेक दोयन त्याच्या कचेरीच्या खिडकीशी आली होती. हाताला धरून आणलेली एक मुलगी होती. तिनं मुलीला बाकावर बसवलं आणि म्हणाली, "मला हिला सांभाळता येत नाही. चांगल्या घरी दत्तक द्या."

मुलीचं नाव हान्बी. सहा वर्षांची आहे. तू आजोबा आहेस, तेइक.

प्योनं मी शिकवलं तसं दोयनला विचारलं, नातेवाईक कोण? ती म्हणाली, आईनं दुसरं घर केलं, तिला मी नको. बाप मेला. एक आत्या जंजूला आहे, सरकारी माणसांना कसलंतरी शिकवते. प्यो मला म्हणाला, "नाव ऐकलं आणि मॅडम, माझ्या अंगावर काटाच आला." आणि मग त्यानं विचारलं, "मुलीला तुम्ही काही दिवस तुमच्याकडे ठेवाल का?"

मी म्हटलं, "नाही."

त्याच्या नंतर जे माझ्या तोंडून बाहेर पडलं ते ऐकून मीच थक्क झाले. माझं वय झालं. गुडघे गेलेत. नवऱ्याला रक्तदाब. भावाशी बोलणं नाही. त्या मुलीला मी कधी पाहिलेलंही नाही. वर्गात मी म्हणते तेच, त्याच क्रमानं.

मग प्यो दबक्या आवाजात म्हणाला, "मॅडम, हा सराव आहे का?"

"नाही रे बाबा. सराव नाही."

"मग आता मी काय म्हणायचं असतं? माझ्या डोक्यातून सगळं गेलं."

"आता तू म्हणायचं, आज हो म्हणू नका आणि नाहीही म्हणू नका. आधी एकदा मुलीला बघून या."

"हां! आज हो म्हणू नका... तेच, मॅडम. तुम्ही म्हणालात ते."

"आणि आता मी काय करते?"

"वर्गात तुम्ही फोन आपटता."

मी फोन आपटला नाही. शनिवारी जाते म्हणाले.

हे पत्र मी लिहितेय, पण टपालात टाकणार नाही. दोयननं तू मेलास असं सांगितलंय, म्हणजे तुला कळू नये अशीच तिची इच्छा आहे. मुलाच्या आईनं ज्याला कळवू नका म्हटलं त्याला कळवायचं नाही, हा नियम मीच तीस-तीस जणांकडून पाठ करून घेते. म्हणून तिच्या गावाचं नावही यात लिहीत नाही. पण लिहिलं नाही तर माझ्या छातीत काहीतरी फुटेल.

ताई

*

१९ मार्च

तेइक,

जाऊन आले. काय पाहून आले ते कसं सांगू?

मुलीला तात्पुरतं एका घरी ठेवलंय. सरकारनं तपासून नेमलेलं घर आहे, बाई लसणाची शेती करते, स्वभावानं मोकळी. तिनं मला दारातच सांगितलं, "पोर रडत नाही हो. मला त्याचीच भीती वाटते."

हान्बी जेवणाच्या बुटक्या टेबलाखाली बसली होती. मी वर्गात सांगते, मुलाच्या उंचीला येऊन बोला. ते सांगणं फार सोपं आहे. मी गुडघे मोडत खाली बसले तेव्हा प्योला मला धरावं लागलं.

तिनं मला आपादमस्तक पाहिलं. "तू कोण?"

"मी तुझी आत्याआजी. तुझ्या आजोबांची बहीण."

"आजोबा मेलेत."

मी प्योकडे पाहिलं. तो छताकडे पाहत होता. मी म्हटलं, "हो का?"

"बहीण आहेस आणि तुला माहीत नाही?" ती पुढे सरकली. "पुढच्या महिन्यात त्यांचं श्राद्ध आहे. आम्ही दर वर्षी करतो. वाळवलेला म्हाकूल ठेवतो आणि संत्री ठेवतो. नासपती नाही ठेवत, आजोबांना आवडत नाही. त्यांची बहीण असशील तर तुला यायला पाहिजे."

तेइक, तुझं श्राद्ध होतं. दर वर्षी. तू तिकडे पॅसिफिकमध्ये टुना ओढत असतोस आणि इकडे दोघी मायलेकी तुझा फोटो मांडतात, पेल्यात दारू ओततात आणि जमिनीला डोकं टेकवतात. तुला खरंच नासपती आवडत नाही. लहानपणी तू म्हणायचास की दातात वाळू गेल्यासारखं वाटतं. एवढं त्या पोरीला माहीत आहे. फक्त तू आहेस, हे माहीत नाही.

थोड्या वेळानं तिनं विचारलं, "तू मला न्यायला आलीस?"

"बघायला आले."

"नेणार असशील तर आईलापण ने. आई फारशी जागा घेत नाही. ती भिंतीच्या कडेला झोपते."

प्यो लिहून घेत होता. मुलाचं म्हणणं त्याच्याच शब्दांत लिहा, हेही माझंच. त्यानं हळूच विचारलं, "मॅडम, 'कडेला झोपते' हे पण लिहू?" आणि तो रडायला लागला. लसूणवाल्या बाईनं त्याला पुसायला टॉवेल आणून दिला.

घरी येऊन दाजींना सांगितलं. ते उठले आणि मागच्या खोलीत गेले. माझी जुनी कपाटं, ओली छत्री, मोडका पंखा, सगळं सरकवल्याचे आवाज येत राहिले. परत आले तेव्हा विजारीला धूळ लागलेली. "दोघी मावतील. भिंतीला ओल आहे, पण ती काढता येईल." मग जरा थांबून म्हणाले, "तुझ्या वर्गात याला काय म्हणतात? दत्तक, की ते दुसरं, सांभाळायला देणं?"

मी म्हटलं, "यातलं काहीच नाही. आई आणि मूल एका घरात राहिलं तर त्याला वेगळं नाव नसतं."

कोण जाणे, इतकी वर्षं मी नातेवाइकांना एकच प्रश्न विचारायला शिकवला: मूल ठेवाल का? आईसकट ठेवाल का, हे एकदाही शिकवलं नाही. ते मला एका टेबलाखालून ऐकावं लागलं.

पण दोयन यायला तयार झाली पाहिजे. ती मला भेटायलाच अजून तयार नाही.

ताई

*

२ एप्रिल

तेइक,

दोयन भेटली. बंदराजवळच्या शेवयांच्या खानावळीत. मी तिला ओळखलं नाही. मला वाटलं वाढायला आलेली मुलगी आहे. तिनं समोर बसून रबरी हातमोजे काढले. मासळी भरण्याच्या कारखान्यात काम करते. बोटं मिठानं चिरलेली.

"आत्या, तुमचे केस पिकले," म्हणाली. आणि मग, मी काही विचारण्याआधीच, "मला समजवायला आला असाल तर उगाच आलात. त्या प्योनं सगळं वाचून दाखवलंय. मी त्याला म्हटलं सही कुठं करू, तर म्हणतो आज करायची नाही. आठ दिवसांनी गेले तर म्हणतो आजही नाही. त्याला नीट शिकवलेलं दिसत नाही कुणी."

मी म्हटलं, "मीच शिकवलंय."

ती हसली नाही. मग तिनं सांगितलं. तुला सांगायचा मला हक्क नाही, तरी लिहिते.

जानेवारीत एकदा तिला कारखान्यातून निघायला उशीर झाला. घरी आली तर हान्बी नाही. बाहेर बर्फ पडत होतं. ती गल्लीगल्लीतून ओरडत धावली. शेवटी एका कोळ्यानं हान्बीला धक्क्याच्या टोकाला पाहिलं. जाळ्यांच्या ढिगावर घरातल्या चपला घालून बसली होती, पाय पाण्याच्या बाजूला सोडून. खाली सगळं गोठलेलं आणि निसरडं. त्यानं मागून जाऊन उचलली. दोयननं विचारलं, इथं कशाला आलीस? ती म्हणाली, "आजोबा समुद्रात आहेत ना? बोलवायला आले. तू एकटी खूप काम करतेस."

हे सांगताना दोयनचा चेहरा कसा झाला होता ते मी लिहू शकत नाही. "एका थापेपायी मी तिला मारलं असतं, आत्या. थाप मी मारली आणि बुडाली असती ती. अशा आईजवळ मूल ठेवू नये. तुमचा कायदा काहीही म्हणो."

मी विचारलं, "ती थाप मारलीस तरी का?"

"तिच्यासाठी नाही मारली. आधी माझ्यासाठी मारली." अठरा वर्षांची असताना, आईनं दुसरं घर केल्यावर, तिनं रागानं पहिल्यांदा तुझं श्राद्ध घातलं. तारीख धरली तू बोटीवर चढलास ती. त्या दिवशी ती नऊ वर्षांची होती आणि तुला निरोप द्यायला धक्क्यावर हात हलवत होती. त्यानंतर तू सुट्ट्या बुसानलाच काढल्यास. पुढं हान्बी झाली. हान्बीचा बाप पळाला. हान्बी विचारायला लागली, आपलं कुणीच कसं नाही? तेव्हा दोयननं तिला तू दिलास. मेलेला, पण दिलास. "वर्षात तो एकच दिवस असा असतो, आत्या, की आमच्याकडे नीट स्वयंपाक होतो, आम्ही चांगले कपडे घालतो आणि हान्बीला वाटतं आपल्यालाही घराणं आहे."

मी तिला मागच्या खोलीचं सांगितलं. ती म्हणाली, "नको. तुम्ही त्यांच्याच बहीण. आधी दार उघडाल, मग कंटाळा येईल."

वर्गात अशा वेळी काय बोलायचं याची माझ्याकडे तीन-चार वाक्यं आहेत. एकही आठवलं नाही. मी प्योसारखीच झाले. तोंडातून भलतंच निघालं: "श्राद्धाला येऊ का?"

तिनं रबरी हातमोजे परत चढवले. "या. पण रडायचं नाही. आमच्यात रडत नाहीत. त्यांना नावं ठेवतो आणि जेवतो."

ताई

*

२७ एप्रिल

तेइक,

काल तुझं श्राद्ध झालं. हान्बीला सकाळी शाळा असते म्हणून मध्यरात्रीपर्यंत न थांबता संध्याकाळीच उरकतात. त्या दिवसापुरती तिला आईकडे आणायची परवानगी प्योनं घेतली होती.

दोयनची खोली म्हणजे आपल्या आईच्या स्वयंपाकघराएवढी. मध्ये घडीचं टेबल. त्यावर तू. फोटो तरुणपणचा आहे, कान बाहेर आलेले, कंपनीची टोपी. त्याच्यापुढे भात, सूप, म्हाकूल, संत्री. मी ते पाहिलं आणि मला इतकं विचित्र भरून आलं की मी मोजे नीट करायला खाली वाकले. रडायचं नव्हतं.

हान्बीनं दोन्ही हातांनी पेला धरला, दोयननं ओतलं. दोघींनी डोकं टेकवलं. मग मी. शेवटी तुझे दाजी. वाकले, कपाळ जमिनीला लावलं, आणि तिथंच, अगदी खालच्या आवाजात, त्यांना वाटलं कुणाला ऐकू जाणार नाही, म्हणाले, "तेइक, माफ कर बाबा. तू जिवंत आहेस हे ठाऊक असून करतोय."

हान्बी त्यांच्या शेजारीच बसली होती.

ती म्हणाली, "कोण जिवंत आहे?"

दाजी तसेच ओणवे. त्यांना वर मान करवेना. मी दोयनकडे पाहिलं. ती अजूनही थाप मारू शकत होती. म्हातारा माणूस काहीतरी पुटपुटला म्हणाली असती की झालं. तिच्या ओठांवर आलेलं मला दिसलं. मग तिनं हान्बीचा हात धरला, घट्ट, जणू ती आत्ता बाहेर पळणार आहे.

"आजोबा जिवंत आहेत, हान्बी."

"समुद्रात?"

"समुद्रात. मोठ्या बोटीवर."

"बुडले नाहीत?"

"नाही."

"म्हणजे ते येऊ शकतात."

"हो."

"आणि येत नाहीत."

याचं उत्तर तूच दे. तुझ्याकडे आहे का?

हान्बीनं तुझ्या फोटोकडे पाहिलं. रडली नाही. तिनं ताटातला म्हाकूल उचलला, फाडला आणि खायला लागली. "मग हे माझं," म्हणाली. अर्धा संपल्यावर बोलली, "मेले होते तेच बरं होतं. मेलेल्या माणसाचा राग येत नाही."

दाजी उठून बाहेर गेले आणि जिन्यात उभे राहिले. बारा वर्षं त्यांना दम्यासारखं काही झालं नव्हतं, काल त्यांना श्वास लागला. मी पाणी घेऊन गेले तर म्हणाले, "माझी जीभ छाटून टाक." मी म्हटलं, राहू दे, ती पुढेही लागेल.

परत आत आले तर दोयन फोटो कागदात गुंडाळत होती. मला वाटलं आता ती आम्हाला हाकलणार. ती पाठमोरीच म्हणाली, "आता तिला कळलं आजोबा खरोखर समुद्रात आहेत. आता ती परत धक्क्यावर जाईल." मग वळली. "आत्या, तुमच्या घरापासून समुद्र किती लांब आहे?"

"बसनं दीड-दोन तास."

"मागच्या खोलीची ओल गेली का?"

मी म्हटलं, दाजींनी परवाच रंग दिलाय. तिनं मान हलवली. एवढंच. हो म्हणाली नाही, आभार मानले नाहीत. कपडे भरायला लागली.

आज सकाळी प्योला कळवलं. तो आनंदानं ओरडला आणि लगेच गडबडला. "म्हणजे मॅडम, दत्तक नाही. सांभाळायला दिलं असंही नाही. मग मी वर काय कळवू? माझ्या हातून झालं काय?"

"मूल आईकडे परत गेलं, असं कळव."

"बस? एवढंच?"

"एवढ्यासाठीच तुला वर्गात बसवलं होतं, गाढवा."

दोयन निघताना म्हणाली, "त्यांना लिहिता का कधी?" मी म्हटलं, लिहिते, टाकत नाही. ती म्हणाली, "टाका. आता लपवण्यासारखं राहिलंय काय?" म्हणून ही चारही पत्रं एका पाकिटात घालून बुसानला पाठवतेय. पुढच्या बोटीनं तिकडे पॅसिफिकमधल्या सुवा बंदरात तुझ्या हातात पडतील. एका दमात वाचू नकोस. वाचलीस तर बसून वाच.

ताई

*

९ सप्टेंबर

तेइक,

पोचल्याचं कळलं. बोटीवर जेवण कसं आहे ते विचारत नाही, तू नेहमी बरं आहे असंच लिहिणार.

तू घरी येऊन गेल्यावर इकडे काय झालं ते तुला ठाऊक नाही, म्हणून लिहायला बसले.

तू दारात उभा होतास तेव्हा मला खरंच चक्कर आली होती. चार पत्रांना एकही उत्तर नाही, फोन नाही, आणि ऑगस्टच्या भर उकाड्यात कोट घालून एक म्हातारा माझ्या पायरीवर. हान्बीनं पुढे येऊन तुझ्या मनगटाला चिमटा काढला. तू ओरडलास. ती मला म्हणाली, "जिवंत आहे." त्यानंतर दोन तास तिनं तुझी उलटतपासणी घेतली आणि तू खाली मान घालून एकेक उत्तर दिलंस, ते सगळं तुझ्यासमोरच झालं. दाजी त्या दोन तासांत तोंड उघडायला घाबरत होते, तेही तू पाहिलंस.

दोयन घरी नव्हती. तू येणार असा तिला वास लागला होता की काय कोण जाणे. ती आता बाजारातल्या तयार भाज्यांच्या दुकानात काम करते, त्या दिवशी तिनं मुद्दाम दुसऱ्या बाईची पाळी मागून घेतली. तू वाट पाहून पाहून शेवटच्या गाडीची वेळ झाल्यावर निघालास. तुझ्या पाठीकडे बघवत नव्हतं.

तू कोपऱ्यावर वळलास आणि पाव तासानं ती आली. समोरच्या औषधाच्या दुकानात उभी होती म्हणे, तुझं निघणं दिसेपर्यंत. हात धुतले, भाताला पाणी लावलं. पाठमोरी उभी राहून विचारलं, "काय जेवले?"

मी सांगितलं. भात, वांगं, माशाचं सूप. सूप दोनदा घेतलं.

"कसे दिसतात?"

"म्हातारे."

"माझ्याबद्दल विचारलं?"

खोटं बोलावंसं वाटलं. पण या घरात आता थापा चालत नाहीत, हान्बीची सक्त ताकीद आहे. मी म्हटलं, "नाही विचारलं. विचारायला तोंड उघडायचा आणि मिटायचा. निघताना तुझ्या घरातल्या चपला दारात वेड्यावाकड्या पडल्या होत्या, त्या वाकून सरळ केल्या. तुला पाय घालायला सोप्या पडतील अशा, आतल्या बाजूला तोंड करून."

ती दारापर्यंत गेली. चपला तशाच होत्या. तिनं त्या पायात घातल्या नाहीत. त्यांना वळसा घालून अनवाणी परत आली, आणि दोन दिवस घरात अनवाणीच फिरत होती. तिसऱ्या दिवशी दाजी म्हणाले, अगं, फरशी गार आहे. तेव्हा घातल्या.

हान्बीनं तिला विचारलं, "एप्रिलमध्ये आता आपण काय करायचं? श्राद्ध तर करता येणार नाही." मला वाटलं दोयन ओरडेल. ती म्हणाली, "सिनेमाला जाऊ."

माझ्या वर्गाचं म्हणशील तर मी आता नातेवाइकाचं सोंग घेत नाही. प्यो येतो आणि तो करतो. त्याला 'नाही' म्हणताच येत नाही, चौथ्या वाक्याला विरघळतो. सगळे हसतात. मी मागे बसून राहते. परवा एका मुलीनं विचारलं, "मॅडम, नातेवाइकानं नाही म्हटलं की तुम्हाला राग येतो का?" मी म्हटलं, नाही, मला त्या माणसाची भीती वाटते, कारण पुढच्याच क्षणी तो काय करून बसेल हे त्यालाही ठाऊक नसतं.

काल भांडी घासताना दोयन अचानक म्हणाली, "परत कधी येणार म्हणाले?" मी म्हटलं, ते तू विचार. तिनं पातेलं इतकं आपटलं की दाजी बाहेरून धावत आले. ती विचारणार नाही. हट्ट तुझाच उचललाय, दुसरा कुणाचा असणार?

म्हणून मी विचारते. कधी येतोस?

ताई